शॉकमधल्या रुग्णाची शीर सापडत नाही तेव्हा

शॉक म्हणजे रक्तदाब घसरून शरीराला रक्त कमी पडणं. सलाईनसाठी शीर हवी, पण हात गार, शिरा बसलेल्या, अशा वेळी सुई हातात घ्यायची घाई करू नकोस. आधी हात खाटेखाली लोंबता सोड आणि टूर्निकेट (हात आवळायचा पट्टा) टोचायच्या जागेच्या चार बोटं वर बांध. बांधल्यावर मनगटाची नाडी लागली पाहिजे. नाडीच बंद झाली तर धमनीतून रक्त येत नाही, मग शीर भरणार कुठून? बीपी फारच कमी असेल तर बीपीचा पट्टा वापर, वरच्या आणि खालच्या बीपीच्या मधल्या दाबावर. गरम ओल्या कापडानेही शिरा फुगतात. जोरात थापट्या मात्र नकोत, दुखून शीर आकसते.

डोळ्यांपेक्षा बोटांवर भरवसा ठेव. चांगली शीर दाबली की उसळून वर येते. दोरीसारखी कडक लागली तर सोड. कोपरात टोचण्याआधी धमनीचे ठोके चाचपून घे.

डाव्या अंगठ्याने कातडी खाली ताण, नाहीतर शीर सरकते. कोन १५ ते ३० अंश. सुईमागे रक्त दिसलं की लगेच सुईवरची प्लास्टिकची नळी (कॅन्युला) ढकलू नकोस: तेव्हा फक्त सुईचं टोक आत असतं. कोन कमी कर, अख्खी सुई २ मिमी पुढे ने, मगच नळी सरकव. पुष्कळ शिरा इथेच फुटतात. बाहेर काढलेली सुई नळीत परत घालू नकोस, नळी कापली जाते.

रक्तस्राव असेल तर १८ नंबरची हिरवी कॅन्युला किंवा त्याहून जाड, दोन ठिकाणी. दोनदा चुकलं की सीनियरला हाक मार. शीर मिळालीच नाही तर हाडातूनही सलाईन देता येतं.