जमीन विकण्याआधी

"मॅडम, पोरीला पायलट व्हायचंय. दीड एकर विकली तर पैसे उभे राहतील. पण मेडिकल तपासणीत नापास झाली नाहीतर मधेच सोडलं, तर शेतही गेलं आणि शिक्षणही."

सातारा जिल्ह्यातील एका वडिलांची ही चिंता मी मार्गदर्शनासाठी येणाऱ्या अनेक शेतकरी आणि नोकरदार घरांतून ऐकते. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) बारावी विज्ञान उत्तीर्ण झालेली मुलगी शेजारीच, आपण काही अपराध केल्यासारखी बसली होती.

भीती खरी आहे, हे मी आधी मान्य केले. व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठी आपल्याकडे 200 तासांचे उड्डाण लागते, आणि इंधन, देखभाल व प्रशिक्षक यांमुळे हे तासच सर्वांत महाग पडतात. एकूण खर्च साधारण 50 लाखांच्या घरात जातो. परवान्यानंतर विशिष्ट विमानासाठी घ्यावे लागणारे टाइप रेटिंग, म्हणजे त्या प्रकारचे विमान चालवण्याची वेगळी पात्रता, बहुधा यात धरलेले नसते, हेही मी स्पष्ट सांगितले. परंतु उड्डाणाच्या तासांचा हा सर्वांत मोठा आणि बऱ्याच पायऱ्यांनंतर येणारा खर्च हे गृहस्थ सर्वांत आधी करायला निघाले होते, आणि खरा धोका मला तिथेच दिसला.

मुलीशी एकटीशी बोलताना मी विचारले, "उडण्यातले तुला नक्की काय आवडते?" बराच वेळ गप्प राहून ती म्हणाली, "मला माहीत नाही. मी विमानात कधी बसलेच नाही." इतके प्रामाणिक उत्तर मला क्वचितच मिळते. त्या वेळी पुण्यात हडपसरच्या ग्लायडिंग केंद्रात फार थोड्या पैशांत ग्लायडरमध्ये बसता येत असे. तिथे विंचच्या, म्हणजे दोर गुंडाळणाऱ्या यंत्राच्या, दोराने इंजिन नसलेले विमान वर खेचत, दोर सुटायचा आणि काही मिनिटांत ते खाली उतरायचे. पुढच्या भेटीत ती खुर्चीच्या टोकावर बसून सांगत होती, "दोर सुटल्यावर एकदम शांत झालं, नुसता वारा ऐकू येत होता. प्रशिक्षकांना विचारलं, वारा उलटा असेल तर उतरायचं कसं?" तिच्या या प्रश्नाने माझी बरीच शंका मिटली. मुलांना या क्षेत्राची ओढ लावायची असेल, तर माहितीपत्रकांपेक्षा असा अनुभव किंवा एनसीसीची हवाई शाखा अधिक उपयोगी पडते, असे माझे मत आहे.

मग आम्ही क्रम ठरवला. आधी वैमानिकांसाठीची द्वितीय श्रेणीची (प्राथमिक) आणि लगेच प्रथम श्रेणीची (व्यावसायिक परवान्यासाठीची, अधिक कडक) वैद्यकीय तपासणी करायची. तिला चष्म्याची धास्ती होती, पण चष्म्याने दृष्टी पूर्ण होत असेल तर चष्मा आड येत नाही. रंग ओळखण्यातला दोष मात्र लाखो रुपये भरण्याआधीच कळलेला बरा. त्यानंतर डीजीसीएच्या (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या) लेखी परीक्षा, ज्यांत उत्तीर्ण होण्यासाठी 70 टक्के गुण लागतात आणि ज्यांचा बराच अभ्यास घरी बसून करता येतो. दिशादर्शनाच्या विषयात ती पहिल्यांदा नापास झाली, तेव्हा वडिलांपेक्षा तीच शांत होती.

पैशांचा प्रश्न सर्वांत शेवटी घेतला. अनुसूचित जातीच्या, मर्यादित उत्पन्न असलेल्या कुटुंबांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत हा अभ्यासक्रम येतो; या घराला ती लागू नव्हती. एवढ्या मोठ्या शैक्षणिक कर्जाला बँक तारण मागते, म्हणून जमीन विकली नाही, गहाण ठेवली. तीही जोखीमच आहे, आणि हप्ता कोण, कधीपासून फेडणार याचा हिशेब मी दोघांकडून कागदावर लिहून घेतला. एका संस्थेने संपूर्ण शुल्क आगाऊ मागितले. असे पैसे भरून विमानांअभावी वर्षानुवर्षे ताटकळलेला एक विद्यार्थी मी पाहिला असल्याने, उडालेल्या तासांप्रमाणे हप्ते घेणारी संस्था शोधायला आणि प्रत्यक्ष उडणारी विमाने किती, हे धावपट्टीवर जाऊन पाहायला मी सांगितले.

गेल्या महिन्यात वडिलांचा फोन आला. मुलीने पहिल्यांदा एकटीने विमान उडवले होते. दीड एकरात त्यांनी यंदा सोयाबीन पेरले आहे.