आलेख अक्षाला टेकून परत का फिरतो?

प्रश्न: क्ष³ − ३क्ष² + ४ चा आलेख −१ पाशी अक्ष ओलांडतो, २ पाशी मात्र नुसता टेकून वर जातो. असं का? (अकरावीतली विद्यार्थिनी, परळ)

उत्तर: आधी अवयव पाड, पोरी: (क्ष + १)(क्ष − २)². (क्ष + १) एकदाच आलाय. −१ पाशी त्याचं चिन्ह बदलतं, म्हणून आलेख खालून वर जातो. (क्ष − २) दोनदा आलाय, आणि वर्ग कधी ऋण होतो का? चर्चगेटला, म्हणजे शेवटच्या स्टेशनात, शिरलेली लोकल आल्या दिशेनेच बाहेर पडते, तसा आलेख वरच परततो. वर्गाऐवजी घन असता तर अक्ष ओलांडला असता, पण तिथे जरा सपाट होऊन. क्लासवाले ‘सम टेकतो, विषम ओलांडतो’ (म्हणजे अवयव सम वेळा आला की टेकतो, विषम वेळा आला की ओलांडतो) एवढंच घोकून घेतात. नियम बरोबर आहे, पण नुसतं घोकणं मला पटत नाही. १.९ आणि २.१ घालून बघ: ०.०२९ आणि ०.०३१. दोन्ही धन.