एंडोस्कोपीने जठर लहान करून घेणे ही मेहनत टाळण्याची पळवाट आहे का?

तुमचे वजन 98 किलो आणि बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक) 33 आहे, आणि एंडोस्कोपिक स्लीव्ह गॅस्ट्रोप्लास्टीने, म्हणजे तोंडावाटे दुर्बीण घालून जठर आतून टाक्यांनी लहान केल्याने, किती वजन उतरते, आतले टाके टिकतात का आणि त्यापेक्षा पोटात फुगा बसवणे बरे का, हे तुम्ही विचारले आहे. मी मात्र उत्तर लिहायला बसले ते तुमच्या शेवटच्या वाक्यामुळे. 'घरचे याला पळवाट म्हणतात' असे तुम्ही लिहिले आहे. ही प्रक्रिया मी स्वतः करून घेतली आहे आणि तो शब्द मी भर पंगतीत ऐकलेला आहे.

आधी आकडे. 2022 मध्ये 'द लॅन्सेट'मध्ये अमेरिकेतील एका चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तिच्यात बीएमआय 30 ते 40 असलेले 209 जण होते; आहार आणि व्यायामाचे मार्गदर्शन सर्वांनाच होते, टाके मात्र एकाच गटाला घातले गेले. वर्षअखेर टाके घातलेल्यांचे वजन सरासरी 13.6 टक्क्यांनी घटले, तर केवळ मार्गदर्शन मिळालेल्यांचे 0.8 टक्क्याने. तुमच्या बाबतीत पहिल्या आकड्याचा अर्थ सुमारे 13 किलो असा होतो. दुसरा आकडा मी माझ्या थोरल्या दिरांसाठी पाठ करून ठेवला आहे.

माझी प्रक्रिया मुंबईत झाली. पूर्ण भूल देऊन तोंडावाटे दुर्बीण आत नेली जाते आणि तिच्या टोकावरच्या उपकरणाने जठराच्या बाहेरच्या वळणालगत आतून टाके घालत, सैल पिशवीला चुण्या घालाव्यात तशी त्याची अरुंद नळी केली जाते. पोटावर कुठेही छेद नसतो आणि जठराचा कोणताही भाग काढला जात नाही. पहिले काही दिवस मळमळ आणि कळा यांत गेले; त्यानंतर साधारण दोन आठवडे केवळ पातळ पदार्थ, म्हणजे पेज, वरणाचे पाणी आणि ताक. नेमक्या त्याच काळात पुतणीचा साखरपुडा नाशिकला गंगापूर रस्त्यावरच्या एका लॉन्सवर होता आणि सख्ख्या काकूने न जाणे शक्य नव्हते. पंगतीत बासुंदी आणि मसालेभाताचा आग्रह सुरू झाला, मी ताकाचा पेला घेऊन बसले होते, आणि व्याह्यांकडच्या एका बाईंनी काळजीने प्रकृतीची चौकशी केली. मी काही बोलण्याआधीच भाऊजींनी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितले की, हिने पैसे मोजून पोट शिवून घेतले आहे, रोज पहाटे पांडवलेणी चढली असती तर ही पळवाट शोधावी लागली नसती. मी गोल्फ क्लबच्या ट्रॅकवर वर्षानुवर्षे चालत होते, हे त्यांना ठाऊक होते. तुम्ही रोज रक्तदाबाची गोळी घेता ती पळवाट नाही का, असे मी विचारल्यावर ते म्हणाले, ''तो आजार आहे.'' माझेही म्हणणे तेच होते, पण तोवर जिलेबी वाढायला आली आणि विषय तिथेच राहिला.

तो विषय इथे पुरा करते. उपाशी राहून वजन उतरवले की भूक वाढवणारे घ्रेलिन हे संप्रेरक वाढते आणि शरीर कमी ऊर्जेत भागवू लागते. घटलेले वजन परत मिळवण्याचा हा शरीराचा स्वतःचा खटाटोप असतो आणि निर्धाराच्या बळावर तो जन्मभर थोपवणे फार थोड्यांना जमते. टाक्यांमुळे थोड्या अन्नात पोट भरते आणि ते जास्त वेळ भरलेले राहते. मेहनत मात्र टळत नाही. आजही मला दर घास सावकाश चावावा लागतो, ताटात प्रथिने मोजावी लागतात आणि रविवारी मिसळीसोबत एकाच पावावर थांबावे लागते.

टाके काहींचे सैल होतात. तसे झाल्यास ते पुन्हा घालता येतात. पाच वर्षांनंतरही सरासरी सुमारे 15 टक्के घट टिकल्याची नोंद आहे, परंतु इतका काळ पाठपुरावा झालेले रुग्ण थोडे आहेत. माझे वजन 92 वरून 78 पर्यंत आले आणि पुढे 81 वर स्थिरावले. फुग्याबाबत माझे मत स्पष्ट आहे. तो बहुधा सहा महिन्यांत काढावा लागतो आणि त्यानंतर वजन परतण्याचा धोका मोठा असतो. बीएमआय 40 च्या पुढे असता तर मी तुम्हाला थेट शस्त्रक्रियेचाच विचार करायला सांगितले असते, कारण जठराचा मोठा भाग कापून काढणाऱ्या स्लीव्ह शस्त्रक्रियेत घट 25 टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून अधिक असते.

धोक्यांचे आधीच लिहायला हवे होते. वर सांगितलेल्या चाचणीत सुमारे 2 टक्के लोकांना गंभीर गुंतागुंत झाली, मृत्यू कोणाचाही झाला नाही. मोठा हायेटस हर्निया (जठराचा वरचा भाग छातीत सरकणे), जठरातील व्रण किंवा रक्त गोठण्याचा दोष असेल तर डॉक्टर बहुधा नकार देतील, आणि तो मानावा. खर्च लाखांत जातो. विम्याच्या प्रमाणित अटींनुसार लठ्ठपणावरील उपचारासाठी बीएमआय 40, किंवा गंभीर सहव्याधी असल्यास 35 लागतो, त्यामुळे तुमच्या 33 वर विमा कंपनी पैसे देईल असे धरून चालू नका. माझाही दावा नामंजूर झाला होता.

2025 पासून टिर्झेपॅटाइड आणि वजनासाठीचे सेमाग्लुटाइड ही भूक मंदावणारी इंजेक्शने भारतात मिळू लागली आहेत, आणि तुमच्या बीएमआयला डॉक्टरांशी आधी त्यांविषयी बोलावे असे मला वाटते. ती बंद केल्यावर वजन बहुधा परत चढते, हे मात्र गृहीत धरा. भाऊजींच्या धाकट्या मुलाने यंदा त्यांतलेच एक इंजेक्शन सुरू केले आहे. दर आठवड्याला ते आठवणीने फ्रिजमधून काढून त्याच्या हाती देतात ते भाऊजीच.