पहिलीच नोकरी रिमोट आहे, महागडं शहर आत्ताच सोडावं का?

सप्रेम नमस्कार,

मुलगी महानगरात शिकली, तिथल्याच कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टिंगची पहिली नोकरी लागली आणि कंपनी म्हणते, कुठूनही काम करा. शहरात पगाराचा तिसरा हिस्सा भाड्यात जाईल, म्हणून दोन मैत्रिणींसोबत दूरच्या एका स्वस्त गावी राहायला जायचं तिच्या मनात आहे. होकार कळवायला दहा दिवस उरलेत आणि यात तिच्या करिअरचं नुकसान तर नाही ना, ही तुमची काळजी आहे.

माझं मत आधीच सांगते. तिने जरूर जावं, पण पहिलं वर्ष-दीड वर्ष ऑफिसच्या जवळ काढून मग.

शांघायमधल्या सीट्रिप या प्रवास कंपनीच्या कॉल सेंटरमध्ये अर्थतज्ज्ञ निकोलस ब्लूम आणि सहकाऱ्यांनी नऊ महिन्यांचा प्रयोग केला होता. तो २०१५ साली प्रसिद्ध झाला. आठवड्यातले चार दिवस घरून काम करणाऱ्यांचं काम १३ टक्क्यांनी वाढलं आणि नोकरी सोडणाऱ्यांचं प्रमाण निम्म्यावर आलं. रिमोट कामाच्या बाजूने हे आकडे नेहमी दिले जातात. पण त्या प्रयोगात भाग घ्यायला तीन अटी होत्या: कंपनीत किमान सहा महिने झालेले असावेत, घरी ब्रॉडबँड असावं, आणि कामाच्या वेळेत स्वतःची वेगळी खोली असावी. म्हणजे अगदी नवख्यांना त्यात घेतलंच नव्हतं. शिवाय तेवढंच चांगलं काम करूनही घरून काम करणाऱ्यांना बढती कमी मिळाली. त्याच कंपनीतला पुढचा, १६०० हून अधिक कर्मचाऱ्यांवरचा प्रयोग २०२४ मध्ये आला. त्यात आठवड्याला फक्त दोन दिवस घरून काम होतं आणि बढतीवर काहीच वाईट परिणाम दिसला नाही. तेव्हा ती किती दूर राहते यापेक्षा वरिष्ठांना किती वेळा प्रत्यक्ष भेटते, याला जास्त वजन द्या.

टेस्टिंगमध्ये तर हे फार जाणवतं. नवखीने नोंदवलेला बग, म्हणजे प्रोग्राममधली चूक, डेव्हलपर ‘माझ्याकडे असं होत नाही’ म्हणून परत पाठवतो. शेजारी बसलेली वरिष्ठ दोन मिनिटांत सांगते, की ब्राउझरची आवृत्ती, चाचणीसाठी वापरलेला डेटा आणि नेमक्या पायऱ्या लिहायच्या राहिल्या. दूर बसलेली मुलगी तोच प्रश्न चॅटवर लिहिते, पुसते, ‘एवढं साधं कसं विचारू’ म्हणून थांबते आणि अर्धा दिवस जातो. काय विचारायचं हेच कळत नसतं, तेव्हा इतरांचं बोलणं कानावर पडणं हेच शिक्षण असतं.

आता पैशांकडे येऊ. पगार १०० धरा. शहरात भाडं ३२, प्रवास ६, बाकी खर्च ३५, शिल्लक २७. स्वस्त गावी भाडं १४, जाणं-येणं ५, बाकी खर्च ३०, दुसरं इंटरनेट आणि वाढीव वीज ५, महिन्याला एकदा ऑफिसला जाऊन दोन रात्री राहण्याचे ८, शिल्लक ३८. ११ चा फायदा दिसतो. पण कंपनीने राहत्या जागेनुसार पगार १५ टक्क्यांनी कमी केला, तर उरतात २३, म्हणजे शहरापेक्षाही कमी. हे आकडे नमुन्याचे आहेत. तिच्या खऱ्या खर्चाचे आकडे घालून हाच हिशेब दोघांनी बसून करा. लोक बहुधा भाड्यातला फरक तेवढा पाहतात, ऑफिसच्या फेऱ्या आणि पगारकपात विसरतात.

पगारकपात ही कल्पनेतली भीती नाही. मे २०२० मध्ये मार्क झुकरबर्ग यांनी फेसबुकमध्ये रिमोट कामाला मोकळीक जाहीर केली, तेव्हाच राहत्या जागेप्रमाणे पगार बदलेल हेही सांगितलं होतं. मोकळीक परतही घेतली जाते. अॅमेझॉनने सप्टेंबर २०२४ मध्ये जाहीर केलं की जानेवारी २०२५ पासून कार्यालयीन कर्मचाऱ्यांनी आठवड्याचे पाचही दिवस ऑफिसला यायचं. तोवर घर हलवलेल्यांचं काय होत असेल, याचा विचार आधीच करायला हवा.

म्हणून ऑफर लेटर पुन्हा वाचा. कामाचं ठिकाण म्हणून काय लिहिलंय? ‘रिमोट’ असा शब्द आहे, की शहराचं नाव आणि खाली ‘व्यवस्थापनाच्या निर्णयानुसार बदलू शकेल’? शहराचं नाव असेल, तर ‘कुठूनही काम करा’ ही आजची सवलत आहे, करार नव्हे. पत्ता बदलल्यावर पगार बदलतो का, ऑफिसला परत बोलावलं तर किती दिवसांची सूचना मिळते, प्रोबेशनमध्ये हजेरी लागते का आणि ऑफिसच्या फेऱ्यांचा खर्च कोण करतं, हेही बघा. राहता पत्ता कंपनीपासून लपवायचा मोह होतो; तो अजिबात नको. कर आणि सुविधा पत्त्यावर अवलंबून असू शकतात, आणि लॅपटॉप कुठून जोडला जातोय हे कंपनीला दिसतं.

वर्षभर भाडं परवडायचं कसं? मध्यवस्ती सोडा, शहराच्या कडेला पण थेट गाडी मिळेल अशा ठिकाणी त्याच मैत्रिणींसोबत राहा. अमेरिकेत महामारीनंतर मोठ्या शहरांच्या मध्यभागातून बाहेर पडलेले बरेच लोक त्याच शहराच्या उपनगरांत स्थिरावले. अभ्यासक याला ‘डोनट इफेक्ट’ म्हणतात. आठवड्यातून दोन-तीन दिवस ऑफिसला जायचं असेल तर हेच सोयीचं पडतं. पुढे गाव निवडतानाही माझी एकच कसोटी आहे: सकाळी निघून त्याच दिवशी कामाच्या वेळेत ऑफिसला पोचता आलं पाहिजे.

गाव ठरवण्याआधी तिथे दोन-तीन आठवडे राहून काम करून बघावं, शहरातली खोली न सोडता. इंटरनेटचा वेग सकाळी, दुपारी आणि रात्री नऊच्या सुमारास मोजावा, सलग सात दिवस. जाहिरातीत डाउनलोडचा वेग ठळक असतो. व्हिडिओ कॉलमध्ये दगा देतो तो अपलोड. चांगल्या कॉलला दोन्ही बाजूंनी ३-४ एमबीपीएस लागतात; घरात तिघी कॉलवर असतील तर अपलोड १५ च्या खाली नको. जोडण्या दोन घ्या, एक फायबर आणि एक मोबाइल, दोन वेगळ्या कंपन्यांच्या. दोन्ही फायबर एकाच खांबावरून आल्या तर एकदमच तुटतात.

वीज गेल्यावर लॅपटॉप चालतो, पण नेट जातं. बरेच जण राउटरला बॅटरी लावतात आणि भिंतीवरची फायबरची पेटी विसरतात. दोन्ही मिळून साधारण १५ वॅट घेतात. १२ व्होल्ट, ७ अँपिअर-अवरच्या बॅटरीत ८४ वॅट-अवर असतात. त्यातल्या साठेक वापरता येतात, म्हणजे चार तास निघतात. तिथे वीज त्याहून जास्त वेळ जाते का, हे शेजाऱ्यांना विचारा, घरमालकाला नव्हे. आणि बंद होणारं दार असलेली खोली मिळत नसेल, तर ते घर कितीही स्वस्त असो, सोडून द्या.

उरलेल्या दहा दिवसांतल्या पहिल्या दोन दिवसांत मुलीनेच, तुम्ही नव्हे, एचआरला मेल लिहावी: “मी होकार कळवण्याआधी चार गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. नेमणुकीचं ठिकाण रिमोट आहे की शहर? पत्ता बदलल्यास पगार बदलतो का? ऑफिसला परत यायचं झाल्यास सूचना किती दिवसांची? आणि पहिले सहा महिने मला आठवड्यातून तीन दिवस ऑफिसला येऊन टीमसोबत बसायचं आहे, त्यासाठी जागा मिळेल का?” शेवटच्या प्रश्नाने शिकायची तयारी दिसते, आणि टीम खरोखर ऑफिसला येते का हेही कळतं. टीम पाच वेगवेगळ्या शहरांत विखुरलेली असेल, तर ऑफिसजवळ राहण्याचा माझा सल्ला निम्मा गळून पडतो. मग रोज अर्धा तास कॉलवर शिकवणारी एक ठरावीक वरिष्ठ व्यक्ती तिने मागून घ्यावी. उत्तरं फोनवर मिळाली, तर त्याच दिवशी ‘आपलं असं बोलणं झालं’ अशी मेल पाठवून ठेवावी.