ॲम्प्युल फोडण्याआधी: वाचकांचे प्रश्न

रुग्णवाहिकेतल्या औषधांविषयी गेल्या अंकात लिहिलं आणि पत्रांचा ढीग आला. बरीचशी पत्रं इएमटीचा, म्हणजे रुग्णवाहिकेत उपचार करणाऱ्या तंत्रज्ञाचा, कोर्स करणाऱ्या मुलामुलींची आहेत, काही घरच्या माणसांची. मी मिरजेत कॅज्युअल्टीत सिस्टर होते, आता निवृत्तीनंतर सांगली भागातल्या पोरांना हेच शिकवते. खाली डोस लिहिलेत ते विषय नीट समजावा म्हणून. गाडीत प्रत्यक्ष देताना तुमचा प्रोटोकॉल आणि डॉक्टरांचा आदेश हेच प्रमाण. आणि घरच्यांनी इंजेक्शनच्या वाटेला जायचंच नाही.

सिस्टर, ‘योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य डोस, योग्य मार्ग, योग्य वेळ’ हे आमच्याकडून पाठ करून घेतात. पण गाडीत एकच पेशंट असतो, मग योग्य रुग्ण कशाला तपासायचा? आणि धावत्या गाडीत एवढ्याला वेळ कुठला? (विद्यार्थिनी, तासगाव)

एकच पेशंट असतो हे तुला कुणी सांगितलं? खंबाटकी घाटात अपघात झाला की एका गाडीत दोघं घेतलेले असतात, दोघं रक्तानं माखलेले आणि नातेवाईक कुणाचे कोण ते कळत नाही. तेव्हा नाव विचारायचं ते असं: “तुमचं नाव सांगा.” “तुम्ही पाटीलच ना?” असं विचारलंत तर घाबरलेला माणूस कशालाही मान डोलावतो.

नावानंतर दोन प्रश्न ठरलेले. पहिला, आधी कुठल्या औषधानं त्रास झालाय का? ‘ॲलर्जी’ म्हटलं की पुष्कळ जण सरळ “नाही” म्हणतात. “कुठल्या गोळीनं, इंजेक्शननं अंगावर गांधी उठल्या होत्या का, तोंड सुजलं होतं का, दम लागला होता का?” असं विचारलं की मग आठवतं. दुसरा प्रश्न, रोजच्या गोळ्या कुठल्या? याचं उत्तर तोंडी घेऊ नका. आपल्याकडे प्रत्येक घरात फ्रीजवर नाहीतर देवघराशेजारी गोळ्यांची एक पिशवी असते. ती पिशवीच गाडीत घ्या.

आता वाचण्याचं. किटमधून उचलताना, सिरिंजमध्ये भरताना आणि पेशंटला टोचण्याआधी, असं तीनदा नाव वाचायचं. मनात नाही, मोठ्यानं. डॉक्टरांनी फोनवर आदेश दिला तर तो जसाच्या तसा परत म्हणून दाखवायचा: औषध, किती मिलिग्रॅम, कुठून. त्यांचं “बरोबर” ऐकल्याशिवाय ॲम्प्युलला, म्हणजे इंजेक्शनच्या बंद कुपीला, हात लावायचा नाही. गाडी थांबलेली असेल तर पायलटलाही (गाडीच्या ड्रायव्हरला) ॲम्प्युल दाखवा आणि त्याच्याकडून नाव वाचून घ्या. त्याला औषधातलं कळण्याची गरज नाही, त्याला अक्षरं वाचता येतात तेवढं पुरे. तुमच्या मनात ‘ॲट्रोपिन’ असतं, म्हणून तुमचे डोळे ‘ॲड्रिनॅलिन’लाही ॲट्रोपिन वाचतात. त्याच्या मनात काही नसतं, म्हणून तो छापलेलं तेच वाचतो.

कंपनीचं नाव नको, मूळ औषधाचं नाव वाचा. आपल्या देशात २०१८ च्या नियमानं मूळ नाव कंपनीच्या नावापेक्षा मोठ्या अक्षरात छापावं लागतं, त्याचा फायदा घ्या. आणि दहा मिलीच्या त्या पारदर्शक प्लास्टिकच्या ॲम्प्युल! डिस्टिल्ड वॉटर आणि पोटॅशियम क्लोराईड शेजारी ठेवलं तर मंद उजेडात सख्खी भावंडं दिसतात. पोटॅशियम क्लोराईड पातळ न करता थेट शिरेत गेलं तर हृदय थांबतं. तुमच्या किटमध्ये ते असेल तर ते वेगळ्या कप्प्यात, चिकटपट्टी मारून ठेवायला आजच सांगा.

भरलेल्या सिरिंजला मायक्रोपोरची पट्टी लावून त्यावर नाव, मिलिग्रॅम आणि वेळ लिहायची. रिकामी ॲम्प्युल लगेच टाकायची नाही. किडनी ट्रेमध्ये ठेवायची आणि सिव्हिलला पेशंट सोपवताना त्यांच्यासमोर मोजायची. काय गेलं आणि किती गेलं याचा त्याहून चांगला पुरावा नाही.

वेळेचं म्हणशील तर हे सगळं मिळून अर्ध्या मिनिटाचं काम आहे. सवय होईपर्यंत जड जातं, इतकंच.

आमच्याकडे मांघर, महाबळेश्वर भागात मधमाश्यांचे पेशंट येतात. अंगावर गांधी, ओठ सुजलेले, दम लागलेला. आम्ही ॲव्हिल (ॲलर्जीचं औषध) आणि डेका (डेक्सामेथासोन हे स्टेरॉईड) देतो. ॲड्रिनॅलिनची भीती वाटते. (इएमटी, महाबळेश्वर तालुका)

हे पत्र वाचून मी काळजीत पडले, म्हणून सविस्तर लिहिते.

नुसत्या गांधी असतील तर ॲव्हिल ठीक. पण दम लागलाय, आवाज घोगरा झालाय, ओठ-जीभ सुजलीय, चक्कर येतेय किंवा प्रेशर पडलंय, म्हणजे ती ॲनाफिलॅक्सिस, जिवावर बेतणारी ॲलर्जी. तिथे पहिलं औषध ॲड्रिनॅलिनच. ॲव्हिलनं खाज थांबते, श्वासनलिका उघडत नाही. डेकाला परिणाम दाखवायला काही तास लागतात. ही दोन्ही नंतर द्या. आधी ती देण्यात जी पाच-दहा मिनिटं जातात, त्यातच पेशंट हातचा जातो.

तुम्हाला भीती वाटते ती चुकीच्या मार्गाची असली पाहिजे, औषधाची नाही. आपल्याकडच्या एक मिलीच्या ॲम्प्युलमध्ये एक मिलिग्रॅम ॲड्रिनॅलिन असतं, लेबलवर १:१००० असंही लिहिलेलं सापडेल. मोठ्या माणसाला त्यातलं अर्धा मिली, म्हणजे ०.५ मिलिग्रॅम, मांडीच्या बाहेरच्या बाजूला मधोमध, स्नायूत. पँटवरून दिलं तरी चालतं. दंडात नको, कातडीखाली नको. पाच मिनिटांत फरक नाही पडला तर डॉक्टरांना विचारून पुन्हा. लहान मुलाला किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम, म्हणजे पंधरा किलोच्या पोराला ०.१५ मिली. हे दोन मिलीच्या सिरिंजवर डोळ्यांनी मापू नका, एक मिलीची बारीक सिरिंज घ्या. इन्शुलिनची सिरिंज मात्र नको. तिच्यावर मिली नसून युनिट छापलेले असतात, त्यातही चाळीसची वेगळी, शंभरची वेगळी, आणि सुई स्नायूपर्यंत पोचतही नाही.

हेच ॲम्प्युल हृदय बंद पडलेल्या पेशंटला अख्खं एक मिलिग्रॅम शिरेतून देतात, दर तीन ते पाच मिनिटांनी. ज्याची नाडी चालू आहे त्याला ते तसं शिरेतून गेलं तर हृदयाचे ठोके बेताल होतात, प्रेशर एकदम आभाळाला भिडतं. म्हणून ॲनाफिलॅक्सिसला डॉक्टर नुसतं “ॲड्रिनॅलिन द्या” म्हणाले तरी तुम्ही विचारायचं, “सर, अर्धा मिली, मांडीत, आयएम (स्नायूत), बरोबर?” कुणी रागावलं तरी विचारायचं.

पेशंटला झोपवून पाय वर घ्या. दम जास्त असेल तर बसू द्या, पण उठवून चालवत गाडीकडे आणू नका. एकदम उभं केल्यावर कोसळणारे पेशंट असतात. नांग्या नखानं खरवडून लगेच काढा.

वडिलांच्या छातीत दुखतं. शेजारच्या काकांनी सॉर्बिट्रेट दिली आहे आणि म्हणतात, जिभेखाली ठेवायची. घरात ठेवू का? (एक मुलगी, कराड)

डॉक्टरांनी वडिलांना तपासून लिहून दिली असेल तरच ठेवा. शेजाऱ्यांची गोळी त्यांच्या आजाराची असते.

सॉर्बिट्रेट रक्तवाहिन्या सैल करते, त्यामुळे प्रेशर उतरतं. वरचं प्रेशर १०० च्या खाली असेल तर ती देतच नाहीत. काही अटॅक हृदयाच्या उजव्या बाजूला असतात, तिथे तर या गोळीनं प्रेशर धाडकन कोसळतं, म्हणून आधी ईसीजी लागतो. छातीत दुखून घाम आला, डावा हात, जबडा भरून आला, तर १०८ ला फोन करा. वडिलांना बसवून ठेवा, जिना चढू-उतरू देऊ नका.

इएमटी पोरांनो, तुमच्यासाठी इथे एक प्रश्न आहे, तो विचारायला तुम्ही लाजता. लैंगिक शक्तीची गोळी घेतलीय का? सिल्डेनाफिल घेतल्यावर २४ तास, टाडालाफिल घेतल्यावर ४८ तास नायट्रेट (सॉर्बिट्रेट याच गटातली) द्यायचं नाही, प्रेशर जिवावर बेतेल इतकं उतरू शकतं. साठीच्या माणसाला सुनेसमोर, नातवंडांसमोर हे विचारलं तर तो “नाही”च म्हणणार. नातेवाइकांना बाहेर पाठवा, “पिशवी आणा, आधार कार्ड आणा” म्हणा. मग कानाशी वाकून विचारा: “काका, सगळ्यांनाच विचारतो. ती गोळी घेतली असेल तर ही दुसरी देता येत नाही, म्हणून विचारतोय.” असं विचारल्यावर माणसं खरं सांगतात. बायका ह्याच गटातलं औषध फुप्फुसाच्या प्रेशरसाठी घेत असतात, त्यांनाही विचारा.

अटॅकमध्ये ॲस्पिरिनचं वेगळं. डॉक्टरांनी सांगितलं असेल तर ३०० मिलिग्रॅमच्या आसपास, चावून खायला लावायची. ७५ च्या असतील तर चार. गिळली तर उशिरा लागू होते. ॲस्पिरिननं दमा उसळतो असा पेशंट, रक्ताची उलटी, काळी शौच, किंवा तोंड वाकडं झालंय, बोलणं अडखळतंय असं काही दिसलं तर द्यायची नाही.

मुलाला ताप आला की पॅरासिटॅमॉल सिरप एक चमचा देते. बरोबर का? (गृहिणी, विटा)

बाटलीवर बघा. पाच मिलीत १२५ मिलिग्रॅमचं असतं, २५०चंही असतं, आणि तान्ह्या बाळाचे थेंब एका मिलीत १०० मिलिग्रॅमचे. डोस किलोमागे साधारण १५ मिलिग्रॅम. पंधरा किलोच्या मुलाला २२५ मिलिग्रॅम म्हणजे १२५ च्या बाटलीतून नऊ मिली, २५० च्या बाटलीतून साडेचार. घरातला चमचा वापरू नका, सोबत आलेलं माप वापरा. दोन डोसांत निदान चार ते सहा तास.

ऑक्टोबर छाटणीनंतर बागेत फवारणी सुरू झाली की दरवर्षी कुणाला ना कुणाला विषबाधा होते. गाडी येईपर्यंत मिठाचं पाणी पाजून उलटी काढतो. (द्राक्ष बागायतदार, तासगाव तालुका)

मिठाचं पाणी पाजू नका, घशात बोट घालून उलटी काढू नका. माणूस गुंगीत असतो, उलटी फुप्फुसात जाते. अंगावरचे कपडे काढा, साबणानं धुवा आणि तुमच्या हातात मोजे असू द्या, नाहीतर दुसरा पेशंट तुम्ही. बाटली किंवा तिचं लेबल गाडीत द्या. टाकीत दोन-तीन औषधं मिसळली असतील तर सगळ्या बाटल्या.

लेबल का, ते इएमटींसाठी सांगते. ऑर्गॅनोफॉस्फेट (कीटकनाशकांचा एक गट) असेल तर तोंडाला फेस, घाम, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, छातीत घरघर. तिथे ॲट्रोपिन. आपल्याकडचं ॲम्प्युल ०.६ मिलिग्रॅमचं, आणि सुरुवातच १.८ ते ३ मिलिग्रॅमनं होते, म्हणजे एका वेळी तीन ते पाच. छातीची घरघर थांबली नाही तर डॉक्टर पाच मिनिटांनी दुप्पट सांगतील. ऐकून हात थरथरतो, पण इथे डोस असाच असतो. डोळ्याच्या बाहुलीवर अवलंबून थांबू नका, छाती ऐका. तणनाशकातलं पॅराक्वाट असेल तर उलटा प्रकार: ऑक्सिजन पातळी ठीक असताना उगाच ऑक्सिजन लावला तर फुप्फुसाचं नुकसान वाढतं. ऑक्सिजनही औषधच आहे, त्यालाही कारण लागतं.

शुगर उतरून बेशुद्ध पडलेल्या पेशंटच्या तोंडात साखर घालावी का? (मुकादम, वाळवा तालुका)

शुद्धीत असेल, पाणी नीट गिळत असेल तर साखरपाणी द्या, उसाचा रस चालेल. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही नको, कुशीवर वळवा. गाडीत बोटातलं रक्त तपासून २५ टक्के डेक्स्ट्रोज (ग्लुकोजचं पाणी) शिरेतून, सावकाश. नस फुटून ते बाहेर गेलं तर आजूबाजूचं मांस जळतं, म्हणून आधी सलाईननं नस तपासायची. पंधरा मिनिटांनी पुन्हा शुगर. पेशंट उठून बसला, “सोडा मला, टोळी वाट बघतीय” म्हणाला तरी सोडायचं नाही. ग्लिमेपिराईडसारखी डायबेटिसची गोळी चालू असेल तर काही तासांनी शुगर परत उतरते, आणि तेव्हा तो कोपीत (झोपडीत) एकटा झोपलेला असतो.

जत-आटपाडीच्या उन्हात आमची गाडी तापते. औषधं खराब होतात का? (इएमटी, जत)

होतात. बहुतेक इंजेक्शनांवर २५ किंवा ३० अंशांच्या आत ठेवा असं लिहिलेलं असतं, आणि मेमध्ये बंद गाडीत त्यापेक्षा कितीतरी जास्त होतं. ऑक्सिटोसिन आणि लोराझेपामला फ्रीज लागतो. फ्रीज नसेल तर आइस पॅकचा डबा घ्या, पण बर्फाला ॲम्प्युल चिकटू देऊ नका. ॲड्रिनॅलिन खोक्यातच ठेवा, उजेडानं खराब होतं. गुलाबी किंवा तपकिरी झालं असेल तर तारीख शिल्लक असली तरी फेकायचं. नायट्रोग्लिसरिनच्या गोळ्या मूळ काचेच्या बाटलीतून प्लास्टिकच्या डबीत काढू नका. ड्यूटी बदलताना दोघांनी मिळून तारखा बघा, लवकर संपणारं पुढे ठेवा. जिथे गाडी उभी करता तिथे झाड नसेल तर तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना लेखी अर्ज द्या, शेड मागा, आणि अर्जाची पोच घ्या.