पिकअपचा टायर : रिमवर बसतो, पण वजन पेलतो का?

प्रश्न : माझ्या जुन्या पिकअपमधून मी हंगामात कोल्हापूरच्या मार्केट यार्डातून गगनबावड्यामार्गे कोकणात गुळाचे रवे पोहोचवतो. मागचे दोन्ही टायर बदलायचे आहेत. सध्या १९५ आर १५ एल.टी. (हलक्या मालवाहू गाडीचे), ८ पी.आर. असे टायर आहेत; दुकानदार मात्र २१५/७५ आर १५ हा टायर सुचवतो. तो अधिक रुंद आणि स्वस्त असून त्याच रिमवर बसतो, शिवाय गाडी मऊ चालते, असे त्याचे म्हणणे आहे. भरलेल्या गाडीचा काटा केला तेव्हा मागच्या चाकांवर १,८४० किलो भरले. हा टायर घ्यावा का?
— एक वाचक, करवीर तालुका

उत्तर : घेऊ नये. दुकानदाराने सांगितलेले खोटे नाही. दोन्ही टायर १५ इंची रिमचेच असून त्यांची उंचीही जवळजवळ सारखी, म्हणजे सुमारे ७० सेंटिमीटर आहे, त्यामुळे तो रिमवर बसेल आणि रिकामी गाडी मऊही चालेल. अडचण आकारात नसून आकारापुढे छापलेल्या आकड्यात आहे, आणि गिऱ्हाईक नेमका तोच आकडा वाचत नाही.

आपल्या सध्याच्या टायरवर आकारापुढे बहुधा १०६/१०४ क्यू असे असेल. हा भारांक होय. १०६ म्हणजे एका टायरने ९५० किलो पेलणे, तर १०४ म्हणजे ९०० किलो. हा दुसरा आकडा मागे जोडचाके असलेल्या गाड्यांसाठी असतो, आपल्याला पहिलाच लागू. सुचवलेला टायर प्रवासी मोटारीचा असून त्यावर साधारणपणे १०० एस असते, म्हणजे ८०० किलो. शेवटचे अक्षर वेगमर्यादेचे आहे : क्यू म्हणजे ताशी १६० किलोमीटर, एस म्हणजे १८०. थोडक्यात, नवा टायर पळायला जास्त आणि ओझ्याला कमी आहे.

आता आपलाच काटा धरू. १०६ भारांकाचे दोन टायर १,९०० किलो पेलतात, म्हणजे ६० किलोंची सवड उरते. १०० भारांकाच्या जोडीची क्षमता १,६०० किलो, म्हणजे पहिल्याच फेरीला २४० किलो जादा. शिवाय मोटारीचा टायर मालवाहू गाडीला लावताना त्याची क्षमता १.१ ने भागून धरावी, असा अमेरिकेतील मानकांचा नियम आहे. त्या हिशेबाने एका टायरला ७२७ किलोच उरतात. त्यातही काट्यावरचे वजन सपाट जागेवरचे असते. घाट चढताना ते मागे सरकते, वळणावर बाहेरच्या चाकावर जाते, आणि रवे एका बाजूला जास्त रचले असतील तर त्या टायरची सवड केव्हाच संपलेली असते.

८ पी.आर. (प्लाय रेटिंग) म्हणजे टायरमध्ये आठ थर आहेत, असे अनेकांना वाटते. पूर्वी सुती कापडाचे थर खरोखरच मोजले जात. आजच्या रेडियल टायरमध्ये (यात थरांचे दोरे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत आडवे जातात) थर थोडेच असतात आणि हा आकडा केवळ मजबुतीची प्रत सांगतो. त्याच आकारात ६ पी.आर. मिळाला तर तो कमी हवेचा आणि कमी वजन पेलणारा असतो, म्हणून तोही नको.

भारांक खरा ठरतो तो पूर्ण हवेवरच. हवा कमी असली की टायरची बाजू प्रत्येक फेऱ्याला जास्त वाकते, त्यातून उष्णता साठते आणि टायर फुटतो; असे फुटणे अनेकदा घाटात नव्हे, तर महामार्गावर सलग वेगात घडते. हवा गाडीवरच्या तक्त्याप्रमाणे, टायर गार असताना भरावी. तापलेल्या टायरमधील वाढलेली हवा सोडून देण्याची सवय मोडलेली बरी.

कोणी १०६ पेक्षा मोठ्या भारांकाचा टायर सुचवला तर जरूर घ्यावा, मात्र त्याने गाडीची लदान वाढत नाही. पाटे (स्प्रिंग), आस (अ‍ॅक्सल), ब्रेक आणि रिम जुनेच राहतात, आणि आर.सी.वरील एकूण वजन ओलांडल्यास २०,००० रुपये दंड, वर प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये, हेही टळत नाही. रेडियल आणि नायलॉन (तिरप्या थरांचे) टायर एकाच आसावर मिसळू नयेत.

स्टेपनीही तपासून घ्यावी. तिच्या बाजूवरील चार आकड्यांत टायर बनल्याचा आठवडा आणि वर्ष असते. २३२१ म्हणजे २०२१ चा तेविसावा आठवडा. मागील मालकाने तिथे मोटारीचा टायर ठेवला असेल, तर करूळ घाटात पंक्चर झाल्यावर तोच भरल्या गाडीच्या मागे लागेल. त्याऐवजी काढलेल्या दोन टायरांपैकी ज्याची नक्षी १.६ मिलिमीटरपेक्षा बऱ्यापैकी जास्त उरली आहे आणि ज्याच्या बाजूला चीर किंवा फुगवटा नाही, तो स्टेपनीला चढवावा.