रिपोर्ट नॉर्मल आहे, मग फिट का येते?

"ताई, रिपोर्ट तं समदा चांगला शे, मंग मनी पोरले हाई काबर व्हस?" जळगावात समुपदेशनाचं काम करताना हा प्रश्न मला सारखा विचारला जातो, कधी अहिराणीत, कधी मराठीत. विचारणारी बहुतेक आईच असते आणि तिच्या डोक्यात पुढचा प्रश्न तयारच असतो, की मग हे बाहेरचं तर नाही ना.

एक केस सांगते, ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत. यावलकडचं केळीवाल्यांचं घर, मुलगी बारावीला. श्रावणात घरी कानबाई, म्हणजे आमच्या खान्देशातली देवी, बसलेली, नैवेद्याच्या रोटांची गडबड, रात्रभर जागरण, गाणी, आणि सोमवारी सकाळी विसर्जनाची तयारी चाललेली असताना ही पोरगी ओट्यावर एकदम किंचाळली, ताठ झाली, पडली आणि हातपाय झटकायला लागले, तोंडाला फेस. कोणी कांदा फोडून आणला, कोणी चप्पल नाकाला लावली, एकाने दातात चमचा घालायचा प्रयत्न केला. दोन-तीन मिनिटांत थांबलं पण पुढचा अर्धा तास ती कोणाला ओळखेना. आजी म्हणाली देवीचं काहीतरी चुकलं. डॉक्टरांनी एमआरआय आणि ईईजी (मेंदूतल्या विजेच्या लहरींची नोंद) करून घेतला, दोन्ही नॉर्मल. मशीनमध्ये काही दिसलं नाही म्हणजे हे डॉक्टरचं कामच नाही असं घरात ठरलं, परत दाखवायला बोलावलं होतं तिथे कोणी गेलंच नाही, भगताकडे फेऱ्या सुरू झाल्या. मग चुलतभावाच्या हळदीला रात्रभर जागली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी परत तेच. तेव्हा कोणीतरी माझ्याकडे पाठवलं.

मी फिटबद्दल नंतर विचारलं, आधी मुलीला विचारलं की सकाळी उठल्या उठल्या हातातून वस्तू पडतात का गं. ती आईकडे बघायला लागली. मग म्हणाली हो, कप उडतो, कंगवा पडतो, खांदा एकदम उसळतो, नववीपासून होतंय. आई म्हणाली, मी तर तिला रागवायची, लक्ष कुठंय तुझं म्हणून. डॉक्टरांना हे कोणी सांगितलंच नव्हतं कारण ते सांगण्यासारखं आहे हेच कोणाला माहीत नव्हतं! मी तिला न्यूरॉलॉजिस्टकडे परत पाठवताना हे कागदावर लिहून दिलं. त्यांनी रात्री कमी झोपवून सकाळी ईईजी काढायला सांगितला आणि त्यात मेंदूच्या दोन्ही बाजूंना एकाच वेळी उसळणाऱ्या लहरी दिसल्या. आजाराचं नाव जुव्हेनाइल मायोक्लोनिक एपिलेप्सी, वयात येताना सुरू होणारी मिरगी. हिच्यात एमआरआय सहसा नॉर्मलच येतो.

का, ते मी आई, वडील आणि आजी तिघांना बसवून सांगितलं. एमआरआय मेंदूचा आकार दाखवतो, गाठ आहे का, जुनी जखम आहे का, जंताची गाठ आहे का. पण फिट म्हणजे पेशींच्या कामातली गडबड. मेंदूत साधारण ८६ अब्ज चेतापेशी आहेत, प्रत्येक पेशी बारीक विजेचा झटका देऊन पुढच्या पेशींशी बोलते. ग्लुटामेट नावाचं रसायन पुढच्या पेशीला चेतवतं आणि गाबा नावाचं रसायन तिला शांत ठेवतं, ह्या दोघांच्या तोलावर सगळं चाललंय. आठवडे बाजारात जसा जो तो आपापलं बोलत असतो, कोणी भाव करतंय, कोणी पोराला हाका मारतंय, तसा जागा मेंदू असतो, पण तोच सगळा बाजार अचानक एका ठेक्यात एकच ओरडायला लागला तर कोणाचंच काम होणार नाही, फिटमध्ये हेच होतं. पेशी जिवंत असतात, जागेवर असतात, फक्त हजारो-लाखो पेशी एकदम एकाच तालात पेटतात. ही पेटापेट एका कोपऱ्यात राहिली तर एकच हात उडेल किंवा माणूस थोडा वेळ हरवल्यासारखा होईल, दोन्ही बाजूंच्या जाळ्यात पसरली तर शुद्ध जाते.

आणि ईईजी? तो साधारण अर्धा तासाचा असतो, त्या अर्ध्या तासात पेशी शांत असतील तर कागदही शांतच येणार. फिट येणाऱ्या साधारण निम्म्या लोकांचा पहिला ईईजी नॉर्मल येऊ शकतो.

मग जागरणानंतरच का? मेंदूच्या आत खोल थॅलॅमस नावाचा भाग आहे, त्याचं आणि वरच्या थराचं सतत देणंघेणं चालू असतं, झोपेच्या लहरी ह्याच जोडणीतून तयार होतात आणि ह्या प्रकारच्या मिरगीत हीच जोडणी लवकर पेटते. झोप मोडली की वरचा थर जास्त चिडका होतो, त्यात उठल्यानंतरचा तास-दीड तास सगळ्यात नाजूक. कानबाईची रात्र आणि हळदीची रात्र, दोन्हीत सारखं काय होतं तर झोप नव्हती.

आजीचा मुद्दा मात्र आवाजाचा होता, "तो तिचा आवाजच नव्हता". हे ऐकून मी कधीच हसत नाही, तो आवाज खरंच भयानक असतो. पण छातीचे आणि घशाचे स्नायू एकदम आवळतात तेव्हा आतली हवा जोरात बाहेर फेकली जाते आणि आवाज निघतो, त्या क्षणी पोरीला शुद्धच नसते. आजी बराच वेळ गप्प होती, मग विचारलं, कानबाईले चाली का? चालेल की! देवीसमोर बसावं, नैवेद्य करावा, फक्त वेळेवर झोपावं, बाकीच्यांनी जागावं. परीक्षेचंही तसंच, रात्रीचा अभ्यास बंद.

परत फिट आली तर काय करायचं तेही घरात पाठ करून घेतलं. कुशीवर वळवा, आजूबाजूचं टणक सामान हलवा, डोक्याखाली मऊ काहीतरी, तोंडात काहीही घालायचं नाही, ना चमचा ना पाणी, दाबून धरायचं नाही, घड्याळ बघा. ५ मिनिटांत थांबली नाही किंवा शुद्धीवर न येता दुसरी आली तर लगेच १०८. कांदा-चप्पल राहू द्या, फिट आपोआप थांबते म्हणून वाटतं चपलेने थांबली. कोणी एकाने व्हिडिओ काढला तर डॉक्टरांना खूप मदत होते.

शेवटी वडील बोलले, तोपर्यंत जमिनीकडे बघत होते. लग्नाचं काय? कायद्याचं सांगते, हिंदू विवाह कायद्यात पूर्वी मिरगी ही लग्नाला अडचण म्हणून लिहिलेली होती, १९९९ च्या दुरुस्तीत ती काढून टाकली. खरा धोका मला वेगळा दिसतो, लपवून लग्न लावायचं आणि सासरी गोळ्या दिसू नयेत म्हणून पोरीने त्या बंद करायच्या. अचानक बंद केल्या की फिट थांबतच नाही अशी वेळ येऊ शकते, जीवावर बेतू शकतं. जागतिक आरोग्य संघटना म्हणते नीट उपचार मिळाले तर ७० टक्क्यांपर्यंत लोक फिटशिवाय जगू शकतात, पण ह्या प्रकारात गोळ्या सहसा बरीच वर्षं घ्याव्या लागतात, म्हणून सासरच्यांना माहीत असलेलं बरं. आणि मुलगी असेल तर एक गोष्ट डॉक्टरांना आवर्जून विचारा, व्हॅलप्रोएट नावाचं औषध ह्या मिरगीवर चांगलं चालतं पण गरोदरपणात बाळाला त्याचा धोका असतो, म्हणून कोणती गोळी द्यायची, फॉलिक अ‍ॅसिड कधी सुरू करायचं हे लग्न ठरायच्या आधीच बोलून घ्या, आणि तोवर चालू असलेली गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका.